काना, मात्रा, वेलांटी

बडबड्या "अपूर्णांक" म्हणायला गेला आणि "अपू, अपू, अपू" करत राहिला. त्याच क्षणी ठोक्याही थांबला. पान अर्धं आत, अर्धं बाहेर. मी बाइंडिंगच्या टेबलावर पानांना भोकं पाडत होते, तिथूनच ओरडले, "वहिनी, पुन्हा?"

"पुन्हा," वहिनी म्हणाली. तिने एक कळ दाबून पाहिली, मग दुसरी, मग कॉम्प्युटरच्या पाठीमागचं बटणच बंद केलं. अपू एकदाचा गप्प झाला. अर्धवट पान तिने ओढून काढलं, त्याच्यावरून बोट फिरवलं आणि रद्दीच्या टोपलीत टाकलं. टोपली सकाळीच रिकामी केली होती, ती पुन्हा काठोकाठ भरली होती.

आमच्या छापखान्यात शाई नाही. इथे जाड कागदावर टिंबं उठतात आणि ज्यांना दिसत नाही ती माणसं ती बोटांनी वाचतात. टिंबं ठोकणारं मशीन इतकं जुनं आहे, की ते एकाच कॉम्प्युटरचं ऐकतं आणि तो कॉम्प्युटरही त्याच्याच वयाचा. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊसचा पत्ता नाही. मशीनला आम्ही ठोक्या म्हणतो. कॉम्प्युटरला एक डबा जोडलेला आहे, त्यातून पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे बडबड्या. वहिनी पान ऐकते, चूक असली तर सुधारते, मग कळ दाबते आणि ठोक्या पान ठोकतो. वहिनीला जन्मापासून दिसत नाही. ती माझ्या भावाची बायको, म्हणून मी तिला वहिनी म्हणते. माझं ऐकून सगळा छापखाना म्हणायला लागला, दारवानापासून साहेबांपर्यंत. इतके दीर असलेली बाई दुसरीकडे सापडायची नाही.

या खुर्चीवर आधी डोळस माणसं बसायची. त्यांनी ठोकलेली पानं कधी उलटी निघायची, कधी कोरीच, आणि त्यांना पत्ता नसायचा, कारण पडद्यावर सगळं ठीक दिसायचं. वहिनी तेव्हा पॅकिंगला होती. गठ्ठे बांधता बांधता ती पानं चाचपायची आणि परत पाठवायची. शेवटी कंटाळून तेव्हाच्या साहेबांनीच म्हटलं, की बाई, तुम्हीच बसा. ते रागाने म्हणाले होते. वहिनी खरंच जाऊन बसली.

तर अपूचं दुखणं नवं होतं. पाठ्यपुस्तकांच्या कार्यालयाने या वर्षी नवा प्रोग्राम पाठवला होता. गणिताची चिन्हं टिंबांत कशी बसवायची ते त्याला येत होतं आणि यापुढे सगळीच पुस्तकं त्याच्यातूनच काढायची असा वरून हुकूम होता. तो आल्यापासून मशीन मधेच आडवं पडायचं. कधी दुसऱ्या पानावर, कधी दहाव्या. शाळा उघडायला आली होती आणि गणिताचं पुस्तक अपूर्णांकांच्या पुढे सरकत नव्हतं.

मिस्त्री दोनदा येऊन गेला होता. तो खरं तर इंजिनियर. "मिस्त्री काय म्हणता, भिंत बांधायला आलोय का मी," असं तो दर वेळी म्हणायचा आणि आम्ही दर वेळी मिस्त्रीच म्हणायचो. असली म्हातारी मशीनं समजणारा तो एकटाच उरला होता. तो यायचा, बसायचा आणि मशीन गुणी बाळासारखं पानावर पान ठोकायचं. तो जिना उतरला की अपू.

दोनदा असं झाल्यावर लोकांच्या जिभा वळवळायला लागल्या. मिस्त्री बसला की चालतं, वहिनी बसली की अडतं. मग दोष कुणाचा? पॅकिंगमधल्या एकाने तर मला विचारलं, "वहिनींचा हात चुकीच्या कळीवर पडत असेल का हो? वय होतंच की." मी त्याला म्हणाले, "तुझ्या जन्माआधीपासून तो हात त्या कळींवर आहे. तू आपली सुतळी सांभाळ." पण साहेबही काहीसं तसंच म्हणून गेले. साहेब वाईट नाहीत. त्यांना वरून फोन येतात आणि मग ते आमच्या दारात येऊन उभे राहतात, एवढंच.

मिस्त्री तिसऱ्यांदा आला तेव्हा वहिनी खुर्चीवरून उठली, पण लांब गेली नाही. स्टूल ओढून त्याच्या शेजारीच बसली.

"तुम्ही नेहमी करता तसंच करा," ती म्हणाली. "मी नाही असं समजा."

मिस्त्रीने पिशवीतून आपली फ्लॉपी काढली, खाचेत सरकवली आणि मशीन चालू केलं. खर्र खर्र झालं. मग कळींचा आवाज, मग ठोक्याची धडधड. एक पान, दुसरं, चौथं. मी खुशीत होते. वहिनीने मान किंचित तिरकी केली होती.

"बडबड्या का बोलत नाहीये?" तिने विचारलं.

"त्याला उठवलंच नाही," मिस्त्री म्हणाला. "मी माझ्या फ्लॉपीवरून मशीन चालू करतो ना. तिच्यावर हवं तेवढंच आहे. शिवाय, रागावू नका वहिनी, पण तुम्ही त्याला ज्या वेगाने बोलायला लावता ना, कानात माशी शिरल्यासारखं होतं. डोकं चालत नाही माझं."

"आधीच्या दोन्ही वेळीही नव्हता उठवला?"

"नाही. का हो?"

"काही नाही. चहा घेऊन या जा, झालाय खाली," वहिनी म्हणाली.

तो गेला, तरी ती स्टुलावरच बसून राहिली. ठोक्या गणित ठोकत होता, मधे कुठेही अडत नव्हता. 

संध्याकाळी घरी आम्ही दोघी शेंगा मोडत बसलो होतो. दादा रेडिओ उघडून त्याची तार जोडत होता. वहिनी एकदम म्हणाली, "दोष बडबड्याचा आहे."

"म्हणजे?"

"तो नसला की चालतं. तो असला की अडतं. ठोक्या चांगला, नवा प्रोग्राम चांगला, माझा हात चांगला. बडबड्या आणि तो नवा, दोघं एकमेकांच्या पायात येतायत."

मला क्षणभर आनंदच झाला. हात चांगला आहे म्हणाली ना! मग पुढचं डोक्यात शिरलं आणि हातातली शेंग हातातच राहिली. बडबड्या नसेल तर पडदा कोण वाचणार? ज्याला डोळे आहेत तो.

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग सांगूच नकोस! मिस्त्रीला कळलेलं नाही, साहेबांना कळायचा प्रश्नच नाही. काढ हळूहळू. दोन पानं गेली, अडलं, पुन्हा चालू केलं. निघेल पुस्तक कधीतरी."

"कधीतरी म्हणजे कधी? शाळा उघडेल, पोरं वर्गात बोटं चोळत बसतील."

"बसू देत! तू घरी बसण्यापेक्षा ते बरं."

हे मी बोलले. रागात बोलले, पण बोलले. वहिनी शेंगा मोडत राहिली. दादाने तार तोंडातून काढली आणि म्हणाला, "तिला सांगायचं असेल तर ती सांगणार. लग्न झाल्यापासून मी तिचं मन एकदाही वळवू शकलो नाही. तू काय वळवणार?"

"तुम्ही प्रयत्न कधी केलात?" वहिनीने विचारलं.

"एकदा केला होता. पडदे निळे घ्यावेत असं म्हणालो होतो."

ती हसली. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं सांगितलं. माझ्या टेबलापासून साहेबांच्या खोलीचं दार चार पावलांवर आणि ते कधी नीट लागत नाही. साहेब आधी खूश झाले. "म्हणजे सापडलं! वा! बोलणं बंद ठेवायचं, मशीन चालू ठेवायचं." मग त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरला. "वहिनी, तुम्ही बाहेर प्रुफांना बसा. छापलेली पानं बोटांनी तपासा. पगारात काही फरक नाही. खुर्चीवर पॅकिंगमधल्या त्या नव्या मुलीला बसवू. तिला टायपिंग येतं."

"छापल्यावर चूक सापडून काय उपयोग?" वहिनी म्हणाली. "कागद गेला, वेळ गेला. आणि चूक सापडेपर्यंत ती मुलगी पुढची वीस पानं ठोकून मोकळी झालेली असेल."

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

"मला शनिवारपर्यंत वेळ द्या. आणि मिस्त्रीला बोलवा."

साहेबांनी दिला. त्यांना वाटलं असेल, बाईचं मन राखू.

मिस्त्रीला कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "मी बडबड्याला झोपवून मशीन तपासत होतो! म्हणजे भांडण होतं नवरा-बायकोचं आणि मी एकट्या नवऱ्याला विचारतोय, की घरात सगळं ठीक ना?" मग त्याने बाह्या सरसावल्या. त्या दिवसापासून तो आमच्याकडेच ठाण मांडून बसला. दुसरी कामं विचारली तर म्हणायचा, "ती कामं काय पळून जातात?"

मशीनच्या पोटात काय चाललंय ते त्याने वहिनीला समजावून सांगितलं. मीही पंच हातात धरून ऐकत उभी राहिले.

"नव्या कॉम्प्युटरात प्रत्येक प्रोग्रामला वेगळी खोली मिळते. कुणी कुणाला धक्का लावत नाही. आपला हा म्हातारा म्हणजे एक बाक आहे. सगळ्यांनी त्याच बाकावर बसायचं, आणि नंतर येणाऱ्याने जागा बघून बसायचं. मेमरी मेमरी म्हणतात ती हीच. बडबड्या सज्जन आहे. तो दिसेल त्या मोकळ्या जागेवर बसतो. पण हा जो नवा आलाय ना, तो बघतच नाही. त्याला बाकाची मधलीच जागा लागते. रिकामी असो नाहीतर भरलेली."

"म्हणजे जावई," मी म्हणाले.

"अगदी जावई! तो सरळ बडबड्याच्या मांडीवर जाऊन बसतो. थोडा वेळ दोघंही कळ काढतात. मग बडबड्याला एखाद्या मोठ्या शब्दासाठी पाय पसरावा लागतो…"

"आणि अपू होतं," वहिनी म्हणाली.

"आणि अपू होतं."

"मग त्या जावयाला सांगा ना सरकायला."

"जावयाला कोण सांगणार? तो थेट वरच्या ऑफिसातून आलाय. त्याला उघडून बघायचीही सोय नाही. जे काय करायचं ते घरच्या माणसांनी करायचं."

मग त्यांची खटपट सुरू झाली. आधी मिस्त्रीने क्रम फिरवला. जावई पहिला, बडबड्या मागून. बडबड्या बाकाच्या टोकाला जाऊन बसला, पण ठोक्याला निरोप पोचवणारा जो छोटा प्रोग्राम असतो त्याला जागाच उरली नाही. पान हलेना. मग त्यांनी फुकटे शोधले. कधीकाळी कुणीतरी टाकलेलं, पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ दाखवणारं काहीतरी बाकावर बसून होतं. "मला कोपऱ्यातलं घड्याळ दाखवणारा हा कोण शहाणा?" वहिनी म्हणाली आणि घड्याळ गेलं. आणखी असेच दोन गेले. थोडी आशा वाटली, वीसेक पानं सलग निघाली, मी पानं जुळवायलाही घेतली. मग "समच्छेद" म्हणताना बडबड्या "समच, समच" करायला लागला.

"अपूपेक्षा समच बरं," मिस्त्री म्हणाला. "गाडी पुढच्या धड्यापर्यंत तरी आली."

दर वेळी मशीन बंद करायचं, क्रम बदलायचा, चालू करायचं, वाट बघायची. वहिनी कंटाळली नाही. मिस्त्री वैतागून उठला की ती म्हणायची, "बसा, अजून एक राहिलंय." आणि खरंच तिच्या डोक्यात अजून एक राहिलेलं असायचं. कोण कुणाआधी बसला की काय होतं ते तिला तोंडपाठ झालं होतं. मिस्त्री पडद्यावर बघून जे शोधायचा ते ती न बघता सांगायची आणि तिला जे माहीत नसायचं ते विचारायला लाजायची नाही. दोघांची जोडी अशी जमली, की मला जरा हेवाच वाटला.

शेवटी मिस्त्री म्हणाला, "बाकाच्या वर एक माळा आहे."

"मग इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"अडगळीची जागा आहे हो, लहान. तिथे बडबड्याला चढवलं तर खाली बाक जावयाला आणि ठोक्याला मोकळा. पण तो चढेल असं वाटत नाही. अंगाने जाड आहे."

"चढवून तर बघा."

चढेना. मिस्त्रीने त्याला या बाजूने ढकललं, त्या बाजूने ढकललं. मशीन दर वेळी एकच उत्तर द्यायचं: जागा अपुरी.

"एवढं काय आहे त्याच्या अंगावर?" वहिनीने विचारलं.

मिस्त्री जरा घुटमळला. "उच्चारांचा कोश."

आता हा कोश म्हणजे काय ते सांगायला हवं. बडबड्या आला तेव्हा तोतरा होता. चाकातला च वेगळा आणि चहातला वेगळा हे त्याला ठाऊक नव्हतं. जाडातला ज आणि जीवातला ज त्याला एकच. जोडाक्षर आलं की तो ठेचकाळायचा. वहिनीने त्याला एकेक शब्द शिकवला. इतिहासातले राजे, भूगोलातल्या नद्या, विज्ञानातली ती जीभ वळत नाही अशी नावं, सगळी तिने त्याच्याकडून घोटून घेतली, पोराकडून घ्यावी तशी. म्हणून तो इतक्या वेगाने बोलायचा आणि ती इतक्या वेगाने ऐकायची. गोष्टीचं पुस्तक आलं की ती त्याचा वेग मुद्दाम कमी करायची, म्हणजे भोकं पाडता पाडता मलाही ऐकता यावं. छापखान्यात येणारं प्रत्येक पुस्तक सगळ्यात आधी तिने वाचलेलं असायचं. शाळा सुटल्यावर तिला जे वाचायला मिळालं ते सगळं या खुर्चीवर.

"कोश काढला तर मावेल?" तिने विचारलं.

"मावेल. पण मग तो शब्द म्हणणार नाही. नुसती अक्षरं म्हणेल. अक्षर, काना, मात्रा, वेलांटी."

"निम्मा ठेवला तर?"

"मघाशीच बघितलं. पावसुद्धा राहत नाही."

 वहिनीचा हात बडबड्याच्या डब्यावर होता.

"काढा," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. "वहिनी, वेड लागलंय का तुला? एक वाक्य पुरं होईपर्यंत दिवस मावळेल. प्रुफांना बस ना, साहेब पगार तोच देतायत! इतकी वर्षं शिकवलंस त्याला आणि आता पुन्हा पहिलीत बसणार?"

राग आला की ती मला अहोजाहो करते. "वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही भोकं पाडा."

मिस्त्रीने कोश काढला. बडबड्या माळ्यावर चढला. वहिनीने गणिताचं ते पान पुन्हा आणलं आणि आम्ही सगळे भोवती जमलो.

"अ," बडबड्या म्हणाला. "प. दुसरा उकार. ण. रफार. काना. अनुस्वार. क."

तो अपूच्या पुढे गेला होता. मिस्त्रीने टाळी वाजवली, मीही वाजवली, आणि वाजवता वाजवता मला रडू आलं. वहिनीने कळ दाबली. ठोक्याने पान ठोकलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. दिवसभरात मशीन एकदाही अडलं नाही.

गणित निघालं. गणितात शब्द थोडे आणि आकडे फार, त्यामुळे पहिले दिवस निभावले. सगळ्या छापखान्याला आता ही भाषा लागली होती. खालून हाक यायची, "च! ह काना!" की चहा झाला. घरी दादा विचारायचा, "प काना, ण दुसरी वेलांटी देऊ का?" वहिनी म्हणायची, "बोला असंच, सवय होईल मला." आणि तिने सवय करून घेतली. रोज थोडा वेग वाढवायची. पण संध्याकाळी तिला कुणाचा आवाज नकोसा व्हायचा. एकदा जेवताना दादा काहीतरी सांगत होता, तर तिने हात वर केला. "जरा थांबा हो. सगळं मोडून ऐकू येतंय."

विचारलं तर ती सगळ्यांना सांगायची, की बरंच झालं, अक्षर अक्षर ऐकल्याने चुका जास्त सापडतात. खोटं नव्हतं ते. पण खरंही पुरतं नव्हतं. पुस्तकं वाचणारी बाई अक्षरं वेचायला लागली होती. त्याचं तिला काय होत होतं ते तिने मला कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

गणितामागून दुसरीचं भाषेचं पुस्तक आलं. त्यात शब्दच शब्द. पहिल्याच दिवशी पानं कमी निघाली, दुसऱ्या दिवशी त्याहून जरा बरी. साहेबांना वरून फोन आला. मग ते आमच्या दारात आले, आणि या वेळी त्यांच्यामागे पॅकिंगमधली ती नवी मुलगी होती. ती बिचारी जमिनीकडे बघत उभी होती. साहेब म्हणाले, "वहिनी, मी थोडा वेळ इथे थांबतो. कसं चाललंय ते बघतो. मग आजच काय ते ठरवून टाकू."

"थांबा की," वहिनी म्हणाली आणि कामाला लागली.

मिस्त्रीही त्या दिवशी होता, त्याचं काही काम नव्हतं तरी. धडा होता एका मुलीचा. ती खेळायला लांब जाते आणि संध्याकाळ होते. बडबड्या अक्षरं टाकत होता आणि आम्ही सगळे, साहेबसुद्धा, मनातल्या मनात ती जोडत होतो. जोडता जोडता आम्हाला मजाच वाटायला लागली. शब्द पुरा व्हायच्या आधीच कुणीतरी पुटपुटायचं. "संध्या," म्हणून झालं की मिस्त्री म्हणायचा, "काळ."

"आ," बडबड्या म्हणाला. "ई. न. एक मात्रा."

"आईने," मी म्हणाले.

"ह. काना. क."

"हाक," त्या नव्या मुलीच्या तोंडून निघून गेलं आणि ती लाजली.

"म. काना. र. ल. पूर्णविराम."

"आईने हाक मारली," साहेब म्हणाले. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे त्यांचं लक्ष होतं. "पान संपलं. दाबा की वहिनी."

वहिनीचं बोट कळीवर होतं, पण तिने ती दाबली नव्हती.

"मारली नाही अजून," ती म्हणाली.

"अहो, आत्ता सगळ्यांनी ऐकलं!"

"वेलांटी आली नाही."

मी शपथेवर सांगितलं असतं की आली. माझ्या कानांनी ऐकली होती. मिस्त्रीनेही मान हलवली, आली होती म्हणून. वहिनी एक ओळ मागे गेली आणि तिने बडबड्याला पुन्हा म्हणायला लावलं, अगदी सावकाश, पहिलीतल्या पोराला म्हणायला लावावं तसं.

"म," बडबड्या म्हणाला. "काना. र. ल. पूर्णविराम."

 साहेब पडद्यापाशी गेले, वाकले, चष्मा वर-खाली केला आणि बराच वेळ तिथेच बघत राहिले. मग मागे वळून त्या मुलीला हळू आवाजात म्हणाले, "तू जा. गठ्ठे राहिलेत बांधायचे." ती गेली. जिन्यावर तिची पावलं धावत गेल्यासारखी वाजली.

वहिनीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने बोटाने कळी मोजत जागा शोधली, वेलांटी दिली आणि शब्द पहिल्यापासून पुन्हा ऐकला.

"म. काना. र. ल. दुसरी वेलांटी. पूर्णविराम."

"आता मारली," ती म्हणाली आणि तिने कळ दाबली.